कार्ड बदलण्याआधी तार मोजा : वाचकांचे प्रश्न

कार्यालये, दुकाने, रुग्णालये आणि कारखाने यांतील अंतर्गत दूरध्वनींच्या तारांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत एकच तक्रार आढळते : फोन बंद पडतो, कारागीर येतो, काहीतरी बदलून जातो आणि चार दिवसांनी तोच फोन पुन्हा बंद पडतो. म्हणून बदलण्यापेक्षा मोजण्यावर या वेळी भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या तीन मजली रुग्णालयात तळमजल्यावर ईपीएबीएक्स, म्हणजे अंतर्गत फोन जोडणारे यंत्र, आहे. दुसऱ्या मजल्यावरील परिचारिकांच्या कक्षातला फोन महिनाभरापासून बंद आहे. देखभाल करणाऱ्याने प्रथम हँडसेट बदलला, नंतर यंत्रातील एक्स्टेंशन, म्हणजे अंतर्गत फोन, सांभाळणारे कार्ड बदलले आणि आता तो संपूर्ण केबल नव्याने टाकावी लागेल असे म्हणतो. त्याचे म्हणणे मान्य करावे काय? — व्यवस्थापक, रामदासपेठ

उत्तर : इतक्यात करू नये. हँडसेट आणि कार्ड बदलूनही दोष तसाच राहिला, याचा अर्थ केबल खराब आहे असा होत नाही. दोष नेमका कुठे आहे हे अजून कोणी पाहिलेलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

यंत्र, तार आणि हँडसेट असे या साखळीचे तीन भाग असतात आणि ते वेगळे करण्याची जागा म्हणजे यंत्राशेजारची फ्रेम, जिथे सर्व तारा येऊन जोडल्या जातात ती चौकट. आपल्याकडे बहुधा दहा-दहा जोड्यांची (एका फोनच्या दोन तारा म्हणजे एक जोडी) क्रोन मोड्यूल, म्हणजे तारा दाबून बसवण्याच्या पट्ट्या, बसवलेली असतील. त्यांच्या एका अंगाला यंत्राकडून आलेली जोडी आणि दुसऱ्या अंगाला मजल्याकडे जाणारी जोडी असते. मोड्यूल डिसकनेक्शन प्रकारचे असेल, तर मधल्या खाचेत प्लग घालताच दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात. तसे नसेल तर जंपर, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारी छोटी तार, काढावा लागतो. दोन्ही बाजू अशा सुट्या झाल्यावर चालू स्थितीतला एक हँडसेट यंत्राच्या बाजूला लावून पाहावा. टोन मिळाला, तर कार्ड आणि त्यातील प्रोग्रॅमिंग दोन्ही ठीक आहेत आणि आपला कार्डाचा खर्च वाया गेला, हे दोन मिनिटांत कळते. टोन मिळाला नाही, तर शेजारच्या चालू पोर्टवर (यंत्रावरील फोन जोडण्याच्या जागेवर) तोच हँडसेट लावून खात्री करावी आणि मगच यंत्राकडे बोट दाखवावे.

यंत्राची बाजू ठीक निघाल्यास मल्टिमीटर तारेच्या बाजूला लावावा. मात्र प्रथम एसी व्होल्टच्या पट्टीवर प्रत्येक तार आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांच्यामधला दाब पाहावा, कारण जुन्या इमारतीत विजेची आणि फोनची तार एकाच नळीतून नेलेली असणे मुळीच दुर्मीळ नाही. तिथे काही नाही अशी खात्री झाल्यावरच ओहमची पट्टी निवडावी. दोन तारांमध्ये मोजके ओहम दिसले तर जोडी कुठेतरी शॉर्ट आहे. लाइनमन त्याला लूप म्हणतात. काहीच दिसले नाही, तर दोन शक्यता उरतात : तार तुटलेली आहे, किंवा ती धड आहे आणि पलीकडचा फोन नुसता ठेवलेला आहे, कारण ठेवलेल्या फोनमधून डीसी प्रवाह जात नाही. हा फरक ओळखण्यासाठी जुने लाइनमन काट्याचा मीटर जपून ठेवत. मीटरच्या दोन्ही टोकांची अदलाबदल केली की घंटीच्या कंडेन्सरमुळे (विद्युतभार साठवणाऱ्या भागामुळे) काटा एकदा उसळी मारून परत येतो. उसळी आली म्हणजे फोनपर्यंत तार शाबूत आहे आणि काटा हललाच नाही म्हणजे ती मध्येच तुटली आहे. साध्या, घंटी असलेल्या फोनवर ही खूण आजही बिनचूक ठरते. इलेक्ट्रॉनिक फोनवर मात्र तिच्यावर सर्वस्वी विसंबून राहू नये.

त्यानंतर कक्षातल्या रोझेटमधील (फोन जिथे जोडतात त्या भिंतीवरच्या पेटीतील) फोन काढून तिथे दोन्ही तारा एकमेकींना जोडाव्यात आणि खाली फ्रेमवर ओहम मोजावेत. 0.5 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत शंभर मीटर जोडीचा जाऊन-येऊन रोध सुमारे 18 ओहम असतो, 0.4 मिलिमीटरच्या तारेत तो सुमारे 28 ओहम भरतो. तीन मजली इमारतीत पन्नास-साठ मीटर केबल गृहीत धरली, तर 0.5 मिलिमीटरच्या तारेत 10 ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. तो 60 किंवा 200 आला, तर केबल नव्हे तर एखादा सांधा सैल आहे. शॉर्ट शोधतानाही हेच गणित उलटे चालते : रोझेटमध्ये तारा सुट्या ठेवूनही खाली 5 ओहम दिसत असतील, तर त्याच जाडीच्या तारेत दोष फ्रेमपासून साधारण 28 मीटरांवर आहे. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करावा. आणि मे महिन्यात छताजवळून गेलेल्या केबलसाठी आकड्यात सुमारे दहा टक्के वाढ धरावी, कारण वरचे आकडे 20 अंश तापमानाचे आहेत आणि आपल्या नागपुरात त्या दिवसांत पारा 45 च्या घरात असतो.

पुढची पायरी म्हणजे मार्ग मधोमध तोडणे. प्रत्येक मजल्यावर बहुधा एक डीपी बॉक्स, म्हणजे तिथल्या फोनना तारा वाटून देणारी पेटी, असतो. पहिल्या मजल्यावरच्या बॉक्सवर टोन मिळतो का ते पाहावे. मिळाला तर खालचा अर्धा मार्ग निर्दोष ठरतो आणि उरलेल्या अर्ध्यातच शोध घ्यायचा राहतो. दोष बहुतेक वेळा सांध्यात, टॅगवर (तार जिथे अडकवतात त्या टोकावर) किंवा रोझेटच्या स्क्रूखाली सापडतो. भिंतीतून सलग गेलेली केबल मध्येच खराब होण्याचे प्रसंग तुलनेने फार कमी असतात. एवढे करूनही मार्गातली एखादी जोडी खरोखरच गेलेली आढळली, तरी दहा किंवा वीस जोड्यांच्या केबलमध्ये रिकाम्या जोड्या असतातच. दोन्ही टोकांना जंपर हलवला की काम भागते. नव्या केबलचा विचार त्यानंतर करावा.

प्रश्न : आमच्या दुकानातील तीन फोनवर उन्हाळ्यात सतत घूंऽऽ असा आवाज येतो आणि कधीकधी शेजारच्या एक्स्टेंशनवरचे बोलणेही ऐकू येते. पावसाळा सुरू झाला की आवाज आपोआप थांबतो. कारागिराने तारा तपासल्या, त्या सर्व ठीक आहेत असे तो सांगतो. — कापड व्यापारी, गांधीबाग

उत्तर : जो आवाज उन्हाळ्यात येतो आणि पावसाळ्यात जातो, त्याची चौकशी नागपुरात कूलरपासून सुरू करावी. जूनमध्ये पाऊस पडला की कूलर बंद होतात आणि आपला आवाजही तेव्हाच थांबतो, ही गोष्ट आपल्या पत्रातच आली आहे. कूलरच्या पंख्याची आणि पंपाची वायर खिडकीतून आत येते आणि तिथूनच गेलेल्या फोनच्या केबलला कोणीतरी ती नीटनेटकेपणासाठी प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून टाकतो. दोन-तीन मीटर का होईना, पन्नास हर्ट्झचा प्रवाह फोनच्या तारेला समांतर जात राहतो. एक-एक कूलर बंद करून फोन कानाला लावून पाहिले, तर कोणता अपराधी आहे हे लगेच कळेल. विजेची वायर वेगळ्या नळीतून न्यावी आणि जिथे ओलांडणे भागच आहे, तिथे काटकोनात ओलांडावी.

पण एवढ्यावर थांबू नये. धडधाकट जोडीवर अशा वायरीचा परिणाम फारसा जाणवत नाही. तो जाणवतो आहे आणि सोबत शेजारचे बोलणेही ऐकू येते आहे, म्हणून मला जोड्या फुटल्याचा दाट संशय येतो. ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळून वापरण्याचे पेटंट घेतले, त्यामागची युक्ती आजही तीच आहे. पिळलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो आणि फोनला केवळ दोहोंतील फरक ऐकू येत असल्यामुळे तो गोंगाट आपोआप वजा होतो. आता कारागिराने पांढऱ्या-निळ्या जोडीतील पांढरी तार घेतली आणि तिच्यासोबत पांढऱ्या-नारिंगी जोडीतील नारिंगी तार वापरली, तर सर्किट पूर्ण होते, टोन येतो, घंटी वाजते. मात्र ज्या दोन तारा एकमेकींशी पिळलेल्या आहेत, त्या आता दोन वेगवेगळ्या फोनना गेलेल्या असतात. गोंगाट वजा होत नाही आणि दोन्ही फोनचे संभाषण एकमेकांत मिसळते. केबलमध्ये पाच तारा पांढऱ्या असतात आणि आवरण जास्त सोलले की कोणती पांढरी कोणाची हे ओळखता येत नाही, म्हणून ही चूक इतक्या सहजपणे होते.

आपल्या कारागिराने तारा ठीक असल्याचे सांगितले, ते त्याच्या परीने खरे आहे, कारण सलगतेच्या चाचणीत फुटलेली जोडी पकडलीच जात नाही. ती पकडण्याचे साधे साधन म्हणजे कपॅसिटन्स (तारांची विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणारा मल्टिमीटर. दोन्ही टोके सुटी करून त्याच केबलमधील एका चांगल्या जोडीचा आकडा घ्यावा आणि मग संशयित जोडीचा घ्यावा. जमिनीखालच्या टेलिफोन केबलमध्ये हा आकडा किलोमीटरला सुमारे 50 नॅनोफॅरड असतो. इमारतीतील पीव्हीसी केबलमध्ये तो बराच जास्त असतो, म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा शेजारच्या चांगल्या जोडीशी तुलना करावी. फुटलेल्या जोडीचा आकडा लक्षणीय कमी भरतो. सापडल्यावर दुरुस्ती एकाच टोकाला करून चालत नाही. फ्रेम आणि डीपी, दोन्हीकडे पिळ दिसेपर्यंत आवरण मागे सोलून जोड्या नव्याने पंच कराव्या, म्हणजे अवजाराने दाबून बसवाव्या, लागतात.

कूलरची आणखी एक करामत याच ओघात सांगतो. सीताबर्डीतील एका कार्यालयात मला असाच एक फोन दाखवला गेला होता. कूलरच्या बरोबर खाली भिंतीवर रोझेट होते आणि झाकणावर वाळ्याच्या ताटीतून ठिबकलेल्या पाण्याचे पांढरट ओघळ वाळलेले होते. झाकण काढले, तर एका स्क्रूभोवती हिरवट भुकटीचा ढिगारा आणि त्यात मुंग्यांची ये-जा. दुसरा स्क्रू मात्र जवळपास नव्यासारखा पिवळा. फोन ठेवलेला असतानाही तारांवर डीसी दाब कायम असतो, ओल मिळाली की धन बाजूची तार गंजून झिजत जाते आणि ऋण बाजूची टिकते. त्या तारेला मी बोटाने नुसता स्पर्श केला आणि ती तुटून हातात आली. रोझेट कूलरच्या ओळीतून हातभर बाजूला सरकवणे, हाच त्यावरचा उपाय होता.

प्रश्न : कारखान्याचे फाटक आणि कार्यालय यांच्यामध्ये सुमारे तीनशे मीटर जमिनीखालची केबल आहे. पाऊस पडला की फाटकावरील फोनमध्ये खरखर सुरू होते. मागील जूनमध्ये विजांच्या कडकडाटात यंत्राची दोन पोर्टही जळाली. काय तपासावे? — देखभाल पर्यवेक्षक, हिंगणा

उत्तर : ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत, त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

खरखर म्हणजे इन्सुलेशन उतरले आहे. जमिनीखाली घालायची केबल जेली भरलेली असते आणि ती शाबूत असेल तर पाणी आत शिरत नाही. ते शिरते सांध्यातून, किंवा खोदकाम करताना कुदळ लागलेल्या जागेतून. साध्या मल्टिमीटरवर हा दोष पुष्कळदा दिसतच नाही, कारण त्याचा स्वतःचा दाब अवघ्या काही व्होल्टचा असतो. त्यासाठी इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे आपण ज्याला सरसकट मेगर म्हणतो तो, घ्यावा लागतो. दोन्ही टोकांना केबल पूर्णपणे सोडवावी, फाटकावरील फोनही काढावा आणि संरक्षक मोड्यूल लावलेली असतील तर तीही उपसून ठेवावीत. मग दोन तारांमध्ये आणि प्रत्येक तार ते अर्थ असे तीन आकडे घ्यावेत. कोरड्या दिवशी एकदा आणि पावसानंतर लगेच दुसऱ्यांदा घेतलेले आकडे शेजारी ठेवले, की वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

केबल यंत्रापासून सोडवण्याबद्दल मी इतका आग्रह का धरतो, तेही सांगून टाकतो. उमेदवारीच्या काळात एका कार्यालयात फ्रेमवरचा जंपर न काढताच मी 500 व्होल्टचा मेगर फिरवला होता. आठ एक्स्टेंशनचे कार्ड गेले आणि त्याची भरपाई माझ्या दोन महिन्यांच्या पगारातून झाली. तेव्हापासून मेगरची पेटी उघडण्याआधी मी सुटी केलेली जोडी दोनदा पाहतो.

सांधा सापडला, तर केवळ चिकटपट्टी गुंडाळून माती लोटू नये. जेली भरलेले कनेक्टर वापरून आणि सांध्यावर योग्य बंदिस्त आवरण घालून तो पुन्हा करावा, आणि शक्य असेल तर तो जमिनीतून उचलून भिंतीवरच्या पेटीत आणावा. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिच्यातील सांध्याला दरवर्षी थोडा थोडा ताण बसतच राहतो.

आता विजांविषयी. उघड्यावरून किंवा जमिनीखालून इमारतीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडीवर, ती जिथून इमारतीत शिरते त्या फ्रेमवर, गॅस डिस्चार्ज ट्यूब असलेले संरक्षक मोड्यूल हवे. दाब वाढला की त्यातील वायू वाहक होतो आणि लाट अर्थकडे वळते. परंतु वळवण्यासाठी अर्थ असावा लागतो, आणि अनेक ठिकाणी मोड्यूल मोठ्या दिमाखात बसवलेली असतात, त्यांची अर्थपट्टी मात्र कुठेच जोडलेली नसते. आपण प्रथम हेच पाहावे. अर्थचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो, नेमक्या त्यानंतरच पहिल्या वळिवाच्या विजा येतात. म्हणून उन्हाळाभर त्यात पाणी घालत राहावे आणि अर्थचा रोध मे अखेरीस मोजावा. जानेवारीत मोजून समाधान मानून उपयोग नाही. फोन यंत्राचा अर्थ आणि इमारतीच्या विजेचा अर्थ एकमेकांना जोडलेले असणेही आवश्यक आहे, नाहीतर वीज पडते तेव्हा त्या दोहोंमध्येच मोठा दाब तयार होऊन यंत्र त्याच्या तोंडी सापडते.

प्रश्न : आमच्या फ्रेमवर कोणतीही नोंद नाही. वीस जोड्यांची केबल आहे, पण कोणती जोडी कुठे जाते हे सांगणारा माणूस निवृत्त झाला. ओळख कशी पटवावी? — लेखनिक, सदर

उत्तर : रंगांचा क्रम पाठ असेल, तर निम्मे काम झाले. एका बाजूचे रंग पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा आणि दुसऱ्या बाजूचे निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पहिल्या पाच जोड्यांत पांढऱ्यासोबत हे पाच रंग ओळीने येतात, सहावीपासून दहावीपर्यंत लालसोबत, अकरावीपासून काळ्यासोबत आणि सोळावीपासून पिवळ्यासोबत. अर्थात तेरावी जोडी म्हणजे काळा-हिरवा. जुन्या पांढऱ्या आणि राखाडी तारा वयोमानाने सारख्याच दिसू लागतात. त्या उजेडात नेऊन पाहाव्यात.

उरलेले काम टोन जनरेटर आणि त्याचा शोधक करतो. खोलीतील रोझेटवर जनरेटर लावायचा आणि फ्रेमवर शोधकाचे टोक फिरवत जायचे. जनरेटरची दोन्ही टोके जोडीला लावली, तर आवाज बारीक येतो पण नेमकी जोडी दाखवतो. एक टोक तारेला आणि दुसरे अर्थला लावले, तर आवाज मोठा येतो आणि शेजारच्या जोड्यांवरही पसरतो. केबल कोणत्या भिंतीतून गेली ते शोधताना दुसरी पद्धत वापरावी, जोडी ओळखताना पहिली. ओळखलेली जोडी त्याच क्षणी फ्रेमच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहावी. वहीत लिहिलेले माणसाबरोबर निवृत्त होते, झाकण भिंतीवरच राहते.

प्रश्न : नव्या कार्यालयात सर्वत्र संगणकाची कॅट-6 केबल आहे. जुने फोन तिच्यावर चालतील काय? — सनदी लेखापाल, धरमपेठ

उत्तर : चालतील. फोनचा लहान प्लग संगणकाच्या सॉकेटमध्ये घातला, की त्याच्या मधल्या दोन पिना चौथ्या आणि पाचव्या पिनेवर बसतात आणि तिथे निळी जोडी असते. फोनला तेवढीच लागते. मात्र लहान प्लगच्या कडांमुळे सॉकेटच्या पहिल्या व आठव्या पिना वाकू शकतात आणि नंतर तिथे संगणक लावला की तो रडत चालतो. म्हणून फोनसाठीही मोठा प्लग लावलेली दोरी वापरावी. पॅच पॅनलवर (सर्व केबल जिथे एकत्र येतात त्या पट्टीवर) फोनच्या दोऱ्या वेगळ्या रंगाच्या ठेवाव्यात, कारण एक्स्टेंशनची जोडी चुकून नेटवर्क स्विचमध्ये गेली, तर घंटीच्या वेळी सत्तर-पंचाहत्तर व्होल्टचा एसी दाब त्या पोर्टवर जातो. याच दाबामुळे उघड्या तारेला हात लागल्यास सणसणीत झटका बसतो आणि ज्यांना दातांनी तार सोलण्याची सवय आहे, त्यांना तर तो विशेष लक्षात राहतो.

स्वागतकक्षातील बटणांचा मोठा की-फोन डिजिटल असेल, तर तो साध्या पोर्टवर चालत नाही आणि साधा फोन त्याच्या पोर्टवर चालत नाही. टोन न मिळण्याचे हे एक कारण तारेशी संबंधित नसते, तरी दोष तारेलाच दिला जातो.

प्रश्न : घंटी अर्धी वाजते आणि थांबते. कोणी फोन उचललेला नसतो, तरी पलीकडच्याला उचलल्यासारखे वाटते. — लॉज चालक, कॉटन मार्केट

उत्तर : फोन उचलला गेला हे यंत्राला त्या जोडीतून डीसी प्रवाह वाहू लागल्यावरून समजते. तारांमध्ये ओलीमुळे गळती असेल, तर घंटीच्या दाबाखाली ती वाढते आणि यंत्राची फसगत होऊन ते घंटी थांबवते. खोलीतील फोन काढून तिथे दुसरा चांगला फोन लावावा. तरीही तसेच झाले, तर दोष तारेत आहे. न्हाणीघराच्या भिंतीलगतचे रोझेट प्रथम उघडावे. दोष थांबला, तर जुन्या फोनमधील घंटीचा कंडेन्सर गळतो आहे, आणि असा फोन दुरुस्त करण्यापेक्षा बदललेला स्वस्त पडतो.